आधी आपण सांगायचं नाही

बोरी बुद्रुकात कुशाबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. दूधवाल्यानं पाणी घातलं, शेजाऱ्यानं बांध कोरला, पाटकऱ्यानं पाण्याची पाळी चुकवली, की बाई दारात उभी राहायची. मग त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकायला अख्खी आळी हातातली कामं टाकून ओट्यावर बसायची. नवरा हौशीराम थंड डोक्याचा. आल्यागेल्याला तो सांगायचा, "आमच्या घरात बोलायचं काम एकाच माणसाकडं दिलंय राव. आजवर एक खाडा न्हाई."

अशा बाईनं एक गोष्ट मात्र तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडून मनातल्या मनातही नाही. बडबड्या माणसाच्या पोटात काही राहत नाही असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कुशाबाई पाहिली नसावी.

ती गोष्ट इथंच सांगून टाकलेली बरी, म्हणजे पुढचं नीट कळेल.

साल चौऱ्याहत्तर. कुशाबाई विशीच्या आतली, पहिलटकरीण. मुलगा सुदर्शन नुकता मान धरायला लागलेला. डोक्यावर भाकरीची पाटी आणि कडेवर लेकरू घेऊन ती दुपारची मळ्यात निघाली होती. वाट विहिरीच्या काठानं जायची, रोजचीच. त्या दिवशी काठाशी पाऊल पडलं आणि तिच्या डोक्यात उमटलं, टाक याला विहिरीत. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. कुठून आवाज आला म्हणावं तर तसंही नाही. तिच्याच मनात, तिच्याच बोलीत आलेला विचार तो. पाटी उलटली, भाकऱ्या मातीत गेल्या, आणि लेकराला दोन्ही हातांनी आवळून ती घरापर्यंत पळत आली. सासू साळुबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. तिच्या मांडीवर लेकरू देऊन कुशाबाई म्हणाली, "आत्याबाई, माझा हात लई दुखतोय. ह्याला तुमीच घ्या."

तो हात मग कायमचाच दुखला. लेकराला पाजायची, पण भिंतीला पाठ लावून आणि सासू समोर असेल तेव्हाच. पाजून झालं की लगेच परत. न्हाऊमाखू, काजळतीट, पाळण्याची दोरी, सगळं साळुबाईनं केलं. विचार तरीही यायचाच. विहिरीपाशी यायचा, चुलीपाशी यायचा, माळ्याच्या शिडीवर यायचा. आला की कुशाबाई स्वतःला चिमटे काढायची, नाहीतर दारात येऊन कुणाच्या तरी नावानं मोठमोठ्यानं सुरू व्हायची. आवाज मोठा केला की आतलं ऐकू येत नसे. तिचा तोंडाळपणा तिथून सुरू झाला, हे गावाला कुठून कळणार!

पुढं तिला दुसरं मूल झालं नाही. लोक म्हणाले, नशीब. कुशाबाई म्हणाली, देवानं बरोबर ओळखलं. आईच्या जागी आपल्यात भलतंच काहीतरी बसलंय, हे तिनं मनाशी पक्कं केलं. वाद घालायला समोर कुणी नव्हतं, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं.

सुदर्शन आजीच्या मांडीवर वाढला, आजी गेली तेव्हा त्याला मिसरूड फुटलेलं होतं. टोमॅटोची शेती त्यानं चांगली केली. आईशी कधी वाकडं बोलला नाही आणि कधी जवळही बसला नाही. त्याचं लग्न अवसरी बुद्रुकच्या मोहिनीशी झालं. मोहिनी बारावी शिकलेली, हसरी, घरात आली तेव्हापासून सासूच्या तोंडाला न घाबरणारं पहिलं माणूस. "आत्याबाई, आता दमला असाल, पाणी पिऊन मग पुढचं बोला," असं ती भर दारात म्हणायची आणि कुशाबाईला हसू फुटायचं. सुनेवर बाईचा जीव होता. हे ती कबूल करायची नाही, ते सोडा.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर मोहिनी माहेरून बाळंतपण उरकून आली. बाळाचं नाव ऋषी. गुटगुटीत, कुणाकडंही झेपावणारं लेकरू. पण आलेली मोहिनी वेगळीच होती. डोळे खोल गेलेले, हसणं कुठं हरवलेलं. बाळाला पाजायची तेव्हा शेजारच्या ठकूबाईला हाक मारायची आणि म्हणायची, तुमी धरा, मी नुसती बसते. बाळ रडलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. चार दिवसांनी घरातली विळी नाहीशी झाली. भाजी चिरायची तर विळी कुठं सापडेना. कुशाबाईनं सगळं घर पालथं घातलं आणि शेवटी ज्वारीच्या पोत्यांमागं जुन्या लुगड्यात करकचून बांधलेली विळी तिच्या हाताला लागली.

"ही कुणी ठिवली गं हितं?"

दारात मोहिनी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. कुशाबाईनं त्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिच्या हातातलं गाठोडं सुटलं. तो चेहरा तिनं कधीकाळी आरशात पाहिला होता.

घरात एकाच माणसाला कळलं होतं की मोहिनीला काय झालंय. ते माणूस काय म्हणालं? "उंदीर लई झाल्यात," कुशाबाई म्हणाली, "तेच्यासाठी ठिवली आसंल." उंदरांसाठी विळी कुणी लुगड्यात बांधून ठेवतं का? पण घाबरलेल्या माणसाला कारणं अशीच सुचतात. मोहिनीनंही मान डोलावली.

आळीत कुजबूज सुरू झाली. लेकरू नकोसं झालंय, बाहेरचं काहीतरी लागलंय. हौशीरामनं ठरवलं, जुन्नरच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी सोमाजी देवरुषी आहे, त्याला दाखवू. देवरुष्याकडं बघायला जायचं तर एक नियम असतो आणि तो या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो: आधी आपण सांगायचं नाही. दुखणं काय, कधीपासून, एक अक्षर बोलायचं नाही. देवरुषी खरा असेल तर त्याच्या देवाला कळतं. आपण सांगितलं तर तो ऐकलेलंच फिरवून आपल्याला विकणार. माणसाची पारख करायची ही पद्धत.

सोमाजीनं सुपातले तांदूळ चिवडले, डोळे मिटले आणि म्हणाला, "आसरा हैत. पाण्यापाशी काय तरी घडलंय."

आसरा म्हणजे पाण्याजवळ राहणाऱ्या देवता, त्यांची बाधा बाळंतिणीला होते असं मानतात. आता पाण्यापाशी काही घडलं नाही असं घर शोधून सापडणार नाही, सोमाजी हे दर तिसऱ्या माणसाला सांगत असणार. पण कुशाबाईनं ते स्वतःवर घेतलं. पाण्यापाशी! यानं आपली विहीर पाहिली. म्हणजे तेव्हा आपल्याला जे धरलं तेच आता उतरून सुनेच्या मानगुटीवर बसलं. आपल्याचमुळं. नदीवर जाऊन तिनं आसरांची ओटी भरली, नारळ फोडला, दंडवत घातले. मोहिनीच्या दुखण्याला तसूभर फरक पडला नाही, आणि कुशाबाईचं तोंड मात्र आणखी घट्ट मिटलं.

बाळाला डोस पाजायला नर्सबाई आल्या, त्यांनी मोहिनीकडं एकदा पाहिलं आणि झोपेचं विचारलं. मग म्हणाल्या, "नारायणगावच्या दवाखान्यात दर गुरुवारी पुण्याहून एक मॅडम येतात. हिला तिथं न्या. त्यांच्याशी बोलायचं."

"बोलायचं? आन औशीद?"

"आधी बोलायचं."

"नुसतं बोलून दुखणं बरं व्हत आसतं तर," कुशाबाई म्हणाली, "माज्या आळीत कुणी आजारीच पडलं नसतं."

पण सासूसुना गेल्या. माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकावर टोमॅटोच्या क्रेटला गुडघे लावून बसल्या बसल्या कुशाबाईनं सुनेला बजावलं, "आपून आधी काय सांगायचं न्हाई बरं का. बाई खरी आसंल तर वळखंल." आता बघा, जगात एकच दुखणं असं की जे सांगितल्याशिवाय बरं होत नाही, आणि त्याच्याच दवाखान्यात ही बाई सुनेला तोंड शिवून घेऊन चालली होती!

मॅडमचं नाव तेजस्विनी. तिशीतली बाई, साधी साडी. खोलीत दोन-तीन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, खिडकी. गळ्यात नळी नाही, टेबलावर सुई नाही. कुशाबाईनं सगळीकडं नजर फिरवली आणि ही कसली डॉक्टरीण असं तोंड केलं. वर मॅडमनं तिला बाहेर बसायला सांगितलं. घरातल्या मोठ्या माणसाला! कुशाबाई बाहेर बाकावर बसली ती धुसफुसतच.

बऱ्याच वेळानं मोहिनी बाहेर आली.

"काय म्हनली?"

"विचारलं कशी आहेस. मी काय बोलले नाही."

"मंग?"

"मग ती पण नाही बोलली. बसली नुसती माझ्याजवळ. शेवटाला म्हणाली, पुढच्या गुरुवारी ये, नाही बोललीस तरी चालेल."

"हात्तिच्या! तिला काय बी कळत न्हाई," कुशाबाईनं निकाल दिला. मोहिनी जीपमध्ये खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "पण आत्याबाई, बरं वाटलं तिथं. कुणी म्हणालं नाही, लेकराला घे."

दुसऱ्या गुरुवारीही तेच झालं. कुशाबाईचा संयम तो केवढा, तिनं सरळ दार ढकललं आणि मॅडमपुढं उभी राहिली.

"तुमी सांगत का न्हाई हिला काय झालंय ते?"

"मला माहीत नाही, मावशी."

"माहीत न्हाई?"

"नाही. ती सांगेल तेव्हाच कळेल. मी मनातलं ओळखत नाही, कुणालाच ते येत नाही." मॅडम हे अगदी सहज म्हणाली, त्यात लाज नव्हती की राग नव्हता. खुर्चीत बसलेलं माणूस मला माहीत नाही म्हणतं, हे कुशाबाईनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तलाठ्यापासून देवरुष्यापर्यंत सगळ्यांना सगळं माहीत असायचं. "बोलू नको असं तिला कुणी सांगितलंय का?" मॅडमनं विचारलं.

कुशाबाई पंख्याकडं बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "आन समजा, लई वंगाळ काय आसलं तर?"

"मी ऐकून घेईन. वाईट ठरवणार नाही. इथलं बाहेर कुणाला सांगणार नाही. कुणाच्या जिवाला खरोखर धोका दिसला तरच घरच्यांना सांगावं लागतं, ते मी सगळ्यांना आधीच सांगते."

शेवटचं वाक्य कुशाबाईच्या काळजात रुतलं. म्हणजे पोरीनं तोंड उघडलं की लेकरू काढून घेणार. नको, मुळीच नको.

पण न बोलूनही तेच होणार होतं. त्याच आठवड्यात मोहिनीचा भाऊ सुभाष अवसरीहून आला. त्यानं आणि हौशीरामनं बसून ठरवलं की आता शनिवारी मोहिनीला माहेरी न्यायचं. बाळ इथंच राहील, वरचं दूध पाजू. पोरगी बरी झाली तर बघू. सुदर्शन खाली मान घालून बसला होता. त्याला जे वाटत होतं ते तो बोलला नाही, त्या घरात त्याला ती सवयच लागली नव्हती. भिंतीआड मोहिनी उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बरं होईल. त्याच्यापासून मी लांब गेलेलीच बरी."

कुशाबाईनं ते वाक्य ऐकलं. हेच ती तीस वर्षांपूर्वी बोलली होती, फक्त हात दुखतोय असं म्हणून बोलली होती.

गुरुवार आला. सुदर्शन बाळाला घेऊन बरोबर आला होता, तो दवाखान्याबाहेर पिंपळाखाली बाळाला खेळवत थांबला. बाकावर सासूसुना. आतून नाव पुकारायला अजून वेळ होता. समोर रस्त्यावर बाजारच्या जीपा हॉर्न वाजवत होत्या, कुणीतरी टोमॅटोच्या भावावरून कुणाशी हुज्जत घालत होतं. अख्ख्या तालुक्याशी भांडलेली बाई, तिला एक वाक्य उच्चारता येईना.

"मोहिने," ती शेवटी म्हणाली, "मी सांगते. मंग तू सांग."

आणि तिनं सांगितलं. विहिरीचा काठ सांगितला, मातीत पडलेल्या भाकऱ्या सांगितल्या. डोक्यात आलेले ते शब्द जसेच्या तसे उच्चारले. उच्चारताना तिनं डोळे मिटून घेतले होते. तिला वाटलं होतं, ज्या दिवशी हे तोंडातून बाहेर पडेल त्या दिवशी धरणी दुभंगेल, निदान समोरचं माणूस उठून पळेल. तिनं डोळे उघडले. हॉर्न वाजतच होते. भावावरून भांडणारा माणूस अजून भांडत होता. आणि मोहिनी पळाली नव्हती. ती सासूकडं अशी बघत होती, जणू अंधारात एकटीच चाललेय असं वाटत असताना कुणीतरी शेजारून हाक मारावी.

"तुम्हाला पण?" ती म्हणाली. "आत्याबाई, तुम्हाला पण?"

नाव पुकारलं. मोहिनी उठून आत गेली आणि दार लागलं. या वेळी आतून आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज येत होता, आधी अडखळत, मग रडत, मग पाटाला पाणी सोडावं तसा न थांबता. कुशाबाई दाराकडं टक लावून बसली होती. त्या चार भिंतींच्या आत ना अंगारा होता, ना सलाईन. एक बाई बोलत होती आणि एक ऐकत होती. एवढ्यानं काय होतं? आणि एवढ्यानंच होत असेल तर आजवर सगळं जग काय करत बसलं होतं?

पुष्कळ वेळानं दार उघडून मोहिनीच म्हणाली, "आत या ना. मला तुम्ही हव्यात."

मॅडमनं मोहिनीला आधी खोदून खोदून सगळं विचारलं होतं. बाहेरून आवाज ऐकू येतात का, जीव द्यावासा वाटतो का, तो विचार हवासा वाटतो की नकोसा, कधी तसं करायला हात पुढं झाला का. ते सगळं झाल्यावर आता ती दोघींना सांगत होती. "असे विचार पुष्कळ आयांना येतात. बाळंतपणानंतर तर फारच. कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून प्रत्येकीला वाटतं, मी एकटीच राक्षसीण. मावशी, ज्याला लेकराचं वाईट करायचं असतं तो विळी लपवून ठेवत नाही. हिला लेकरू जिवापलीकडं आहे म्हणून मन नेमकं त्याच्याबद्दलच भीती दाखवतं. विचार येणं वेगळं, करणं वेगळं."

"म्हंजी धोका न्हाई? लेकरू काढून न्हाई घेनार?"

"तिच्याकडून बाळाला धोका दिसत नाही मला. उलट बाळ तिच्याजवळच हवं."

कुशाबाई खुर्चीत मागं टेकली. पुष्कळ आया. म्हणजे जुन्नरात असतील, मंचरात असतील, पुण्यामुंबईच्या शिकलेल्या बायकांत असतील. किती विहिरी, किती विळ्या, किती चुली, आणि प्रत्येकीपाशी एक बाई लेकराला आवळून उभी, तोंड मिटून. एवढं मोठं जग तिला एकदम दिसलं आणि त्यात आपण एक साधी बाई आहोत हेही दिसलं. पदर तोंडात धरून ती रडली. गावानं तिला भांडताना पाहिलं होतं, रडताना पाहणाऱ्या या दोघीच पहिल्या. मॅडमनं भांड्यात पाणी ओतून पुढं केलं आणि काहीच बोलली नाही. त्या न बोलण्याचा अर्थ कुशाबाईला आता कळला.

शनिवारी सुभाष बहिणीला न्यायला आला. कुशाबाई दारात उभी राहिली आणि तिनं पावण्याला पाण्याआधी जे ऐकवलं ते आळीनं ओट्यावर बसून ऐकलं. हौशीराम मध्ये काही बोलायला गेला तर त्यालाही ऐकवलं. "लेकरू आयेपासनं तोडायला निघालाय व्हय? माझी सून हितंच ऱ्हाईल. बरी व्हतीय ती." सुभाष जेवून एकटाच परत गेला.

बरं होणं काही एका दिवसाचं काम नव्हतं. मॅडमनं एकदा पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनाही दाखवायला लावलं, त्यांनी काही महिने झोपेच्या आधी घ्यायची एक गोळी दिली. बाकी सगळं गुरुवारचं बोलणं आणि घरी करायचं काम. काम विचित्र होतं. विळी पोत्यांमागून काढायची आणि जागेवर ठेवायची. बाळाला घेऊन त्याच खोलीत, आधी लांब, मग थोडं जवळ बसायचं. विचार येईल, येऊ द्यायचा. त्याला हाकलायचं नाही, त्याच्याशी भांडायचं नाही, उठून पळायचंही नाही. "आला," म्हणायचं आणि बाळाशी बोलत राहायचं. पहिल्यांदा मोहिनी घामानं थबथबली. कुशाबाई समोर बसून होती. दोघींची नजर एकमेकींवर. विचार आला, थांबला आणि कुणी त्याचं काही ऐकत नाही असं बघून निघूनही गेला.

"गल्लीतल्या कुत्र्यावानी हाय गं ह्ये," कुशाबाई म्हणाली. "हाड हाड केलं, पळायला लागलं, की मागं लागतं. आपल्या वाटंनं चालत ऱ्हायलं की वास घिऊन जातं." पुढच्या गुरुवारी मोहिनीनं हे मॅडमला सांगितलं. मॅडमनं विचारलं, हे मी दुसऱ्या बायकांना सांगितलं तर चालेल का? कुशाबाईनं उघड्या दारातून ऐकलं आणि बाहेरूनच म्हणाली, "सांगा की!"

होळीपर्यंत मोहिनी बाळाला एकटी न्हाऊ घालायला लागली होती. विचार पार गेला असं नाही. कधीमधी यायचा, पण तो आला म्हणून तिचा घास अडायचा नाही. ती विळीवर मेथी चिरत बसायची आणि ऋषी तिच्या पाठीला धरून उभं राहायला शिकत असायचा. कुशाबाई हे बघायची तेव्हा तिचं काम हातातच राहायचं. साधी मेथी चिरणारी बाई आणि साधं लेकरू, आळीत दहा घरांत दिसेल असं दृश्य. पण तिला ते बघून अंगावर काटा यायचा, देवळात जाऊनही तिला कधी असं वाटलं नव्हतं.

मग एका गुरुवारी ती स्वतःच आत जाऊन खुर्चीवर बसली. म्हाताऱ्यांना घेता का, असं तिनं विचारलं. मॅडम हसली. तिथं ती काय बोलली ते दाराबाहेर आलं नाही. एवढंच ठाऊक आहे की मॅडमनं शेवटी विचारलं, आणखी कुणाला सांगावंसं वाटतं का? कुशाबाई म्हणाली, "हाय एकजन. पन त्येला सांगायचं म्हंजी माझा जीव जाईल."

उन्हाळी टोमॅटोचा तोडा चालू होता. मळ्यात माणसं जेवायला गेली होती आणि सुदर्शन क्रेट रचून सावलीत एकटाच बसला होता. कुशाबाई भाकरी घेऊन आली. भाकरी ठेवून एरवी ती माघारी फिरायची, आज फिरली नाही. ती त्याच्या समोर मातीत बसली. बाप्या गडी झालेला मुलगा, कानापाशी केस पिकायला लागलेले. त्याच्याकडं न बघता, हातानं ढेकळं फोडत, तिनं सगळं सांगितलं. विहीर सांगितली, साळुबाईच्या मांडीवर त्याला दिलं ते सांगितलं. न दुखणारा हात सांगितला. "त्या दिवसापासनं तुला घेतलंच न्हाई मी," ती म्हणाली. "वाटलं, माज्या हातनं काय तरी व्हईल."

भाकरीवर माशी बसली ती सुदर्शननं हाकलली नाही.

"मला वाटायचं, मी तुझा न्हाईच," तो म्हणाला. "शाळंत आसताना आजीला इचारलं व्हतं, मला कुठनं आनलं म्हनून. आजी हसली. मला ते खरंच वाटलं. कुनाचं तरी आनलेलं पोर हाय, म्हनून आई जवळ घेत न्हाई." त्यानं आता आईकडं पाहिलं. "म्हंजी आई, मला लांब ठिवलंस ते मला जपायला?"

"व्हय," कुशाबाई म्हणाली. "मला तेवढंच येत व्हतं."